तांब्याचा हंडा आणि माझे दोन पाय

दारावरची घंटा वाजली की आमचे घरमालक लगेच दार उघडायचे नाहीत. आधी खिडकीचा पडदा बोटभर बाजूला सारून बाहेर बघायचे आणि मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात विचारायचे, "इंजिनियर, आज मी कोण आहे?"

पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याला विसरायला होतं. मी अदबीनं त्यांचं नाव सांगायला लागलो, तर त्यांनी हातानंच मला गप्प केलं. दारात विम्याचा माणूस होता. त्याच्याशी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाच मिनिटं बोलले. मी मेक्सिकोचा, मला यातलं काही समजत नाही, मुलगा घरी असला की या, असं सांगून त्याला त्यांनी वाटेला लावलं. दार लावून आत आले आणि अस्सल अमेरिकन इंग्रजीत मला म्हणाले, "मुलगा नाही मला. पण मेक्सिकन माणसाला एखादा तरी असतोच."

शेजाऱ्यांसाठी ते ग्रीक होते, पोस्टमनसाठी हंगेरियन. एकदा रस्त्यात गाडी अडवणाऱ्या पोलिसाला त्यांनी आपण इटालियन असल्याचं सांगितलं आणि तो पोलीसच इटालियन निघाला. तो आनंदानं त्या भाषेत बोलू लागला. शेजारच्या सीटवर मला घाम फुटला. घरमालक जराही गडबडले नाहीत. "माझ्या आईनं मरताना शपथ घातलीय," ते इंग्रजीत म्हणाले, "अमेरिकेत फक्त इंग्रजीच बोलायचं." पोलिसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आम्हाला तसंच सोडून दिलं. पुढच्या चौकापर्यंत मी मागे वळून वळून बघत होतो आणि ते शीळ वाजवत होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी धातुशास्त्र शिकायला शिकागोला आलो होतो. माझं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. शाळेतल्या गुरुजींपासून वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंपर्यंत अनेकांनी हात दिला, म्हणून मी विमानात बसू शकलो. हे ऋण मी कधी विसरलो नाही. पण एक गोष्ट मी अमेरिकेत उतरल्यापासून लपवत होतो. माझे वडील कल्हईवाले. खांद्यावर भाता आणि पिशवीत कथील घेऊन ते गल्लोगल्ली हाळी देत फिरायचे. इथल्या मराठी मंडळींत कुणी चौकशी केली की मी सांगायचो, "वडिलांचा भांड्यांचा व्यवसाय आहे." ते ऐकून लोक मान डोलवायचे. त्यांच्या डोळ्यांसमोर दुकान यायचं आणि मी ते येऊ द्यायचो.

ही खोली मला मिळवून दिली ती नेपरव्हिलच्या एका मराठी डॉक्टरांच्या बायकोनं. आम्ही विद्यार्थी त्यांना डॉक्टरकाका आणि काकू म्हणायचो. काकू म्हणाल्या होत्या, "अरे, रेंट एकदम रीझनेबल आहे. ट्रेनचं स्टेशन वॉकिंग डिस्टन्सवर. फक्त तो ग्रीक म्हातारा जरा विअर्ड आहे हं. बायको गेली ना त्याची, तेव्हा तिच्या सगळ्या वस्तू बॅकयार्डमध्ये जाळल्या त्यानं. कपडे, फोटो, पलंगसुद्धा! नेबर्सनी फायर ब्रिगेड बोलावली. इमॅजिन कर!"

"मग मला तिथं कशाला पाठवताय, काकू?"

"अरे, पण क्लीन आहे. इतकं क्लीन घर मी आपल्यातही नाही बघितलं."

ते खरं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला पाच टब टांगलेले होते आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक फक्त भांड्यांचा. एक तोंड पुसायच्या टॉवेलांचा. शर्टांचा वेगळा, पँटी आणि मोजे यांचा वेगळा. पाचवा कशाचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्याच दिवशी मी बाहेरून येऊन स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये साबणानं हात धुतले. शेजारी एक काचेचा पेला होता, त्यावर चार थेंब उडाले. घरमालकांनी तो पेला दोन बोटांत उचलला, मागच्या दारानं बाहेर नेला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकला. फुटल्याचा आवाज मला आत ऐकू आला.

परत येऊन ते म्हणाले, "कमरेच्या वरचं वेगळं, कमरेच्या खालचं वेगळं आणि जेवणाचं सगळ्यांत वेगळं. एवढं कळलं की या घरात भांडण नाही."

मी म्हणालो, "येस सर."

"सर पोलिसाला म्हणतात."

नावानं हाक मारणं मला जमणारं नव्हतं. वडिलांच्या वयाचा माणूस! शेवटी मी त्यांना काका म्हणू लागलो. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते एकदम थबकले आणि माझ्याकडे संशयानं बघत राहिले. का, ते मला पुढे कळलं. त्यांच्या भाषेतही चुलत्याला जवळजवळ तसंच म्हणतात.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी मी स्टेशनवरून घरी चालत येत होतो. गुडघाभर बर्फ होतं. आमच्या गल्लीत वळलो आणि पाय जागीच थांबले. नवसागराच्या धुराचा वास येत होता. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की जो पांढरा धूर उठतो आणि घशात बसतो, तोच. इलिनॉयमध्ये! मी बर्फात उभा राहून वेड्यासारखा वास घेत राहिलो. मग धावत गॅरेजपाशी गेलो. दार अर्धवट वर होतं. आत घरमालक एका बेकरीचं भलंमोठं पीठ मळायचं भांडं विस्तवावर फिरवत होते आणि कापसाच्या बोळ्यानं त्यात कथील पसरवत होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आच कमी करा. कथील जळेल."

त्यांनी वर पाहिलं. "तुला काय ठाऊक?"

"कॉलेजात शिकवतात," मी म्हणालो.

त्यांनी सांडशी माझ्या पुढे केली. "दाखव."

मी कोट काढला आणि भांडं धरलं. सहा वर्षं हातात सांडशी घेतली नव्हती, तरी मनगट आपोआप वळलं. कापसाचा बोळा फिरला आणि भांड्याच्या पोटात चांदीसारखी लकाकी पसरत गेली. ते भांड्याकडे बघतच नव्हते. माझ्या मनगटाकडे बघत होते. म्हणाले, "हा कॉलेजात शिकलेला हात नाही."

मग मी त्यांना खरं सांगितलं. अमेरिकेत मी ते सांगितलेला पहिला माणूस म्हणजे ते. ऐकून त्यांनी गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "मी ग्रीक नाही."

ते रोमा होते. युरोपभर शेकडो वर्षं गाडे घेऊन फिरलेले लोक, ज्यांना बाकीचे जिप्सी म्हणून हिणवतात. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची भांडी घडवायचं आणि कल्हईचं काम. आजोबा बोटीनं अमेरिकेत आले आणि उतरल्या दिवसापासून घरात एकच शिकवण: दाराबाहेर आपण कोण ते सांगायचं नाही. मी उत्साहानं म्हणालो, तुमचे पूर्वज आमच्याकडूनच निघाले असं विद्वान सांगतात. ते म्हणाले, "मलाही सांगितलंय एकानं. बरं झालं निघालो. नाही तर मीही इंजिनियर झालो असतो."

त्यानंतर दर शनिवारी मी गॅरेजमध्ये असायचो. त्यांच्या सवयी एकेक कळत गेल्या. गेलेल्या माणसाच्या वस्तू त्यांच्यात ठेवत नाहीत, जाळतात. हातोडीला ते कधी ओलांडून जायचे नाहीत, वळसा घालून जायचे. माप घ्यायला त्यांच्याकडे पट्टी नव्हती, वीत आणि बोटं होती. मी एकदा कॅलिपर आणून दिला, तो त्यांनी गॅरेजच्या दाराला खुंटी म्हणून ठोकला. मला फ्लूनं गाठलं तेव्हा तीन दिवस ते माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले. आत यायचे नाहीत, पण उठायचेही नाहीत. सूप उंबऱ्यावर ठेवायचे आणि मी वाडगा संपवला नाही तर बाहेरून ओरडायचे, "तुझ्या आईला मी काय सांगू?" माझी आई आठ हजार मैलांवर, निरक्षर, आणि ते तिला काय सांगणार या चिंतेत! त्या आजारपणात मी ठरवलं होतं, या माणसासाठी आपण काहीतरी केलंच पाहिजे.

ते एकटे का, ते मला हळूहळू उलगडलं. अकरा वर्षांपूर्वी एका कॉलेजनं त्यांना संध्याकाळच्या वर्गात तांबटकाम शिकवायला बोलावलं आणि ते गेले. त्यांच्या माणसांना ते आवडलं नाही. हातातली विद्या गाजोंना, म्हणजे परक्यांना शिकवायची, म्हणजे घर विकणंच. शिकागोत त्यांचे एक थोरले भाऊ होते, सगळ्या गोताचे पुढारी. त्यांनी शिक्षा सुनावली. शिक्षा कसली, तर यापुढे यांच्या ताटाला ताट लावून कुणी जेवायचं नाही. बस्स, एवढंच. बायकोच्या अंत्यविधीला सगळे आले, उभे राहिले, आणि जेवायच्या वेळी निघून गेले. हे सांगताना ते हातातल्या पत्र्याची कड चाचपत होते. "तीस माणसांचं शिजवलं होतं मी," ते म्हणाले. "कुत्र्याला घातलं. शेजाऱ्याच्या."

त्याच कॉलेजातल्या एका बाईंनी त्यांचं काम पाहिलं होतं. शिकागोच्या एका कलादालनात अल्पसंख्य लोकांच्या पारंपरिक कारागिरीचं प्रदर्शन त्या भरवणार होत्या, आजची कला म्हणून. त्या दोनदा घरी आल्या. पहिल्या खेपेला घरमालक त्यांच्यासाठी बल्गेरियन झाले. दुसऱ्या खेपेला अचानक म्हणाले, "करतो. पण एका अटीवर. भांडं नुसतं बघायचं नाही. पहिल्या दिवशी तुमच्या मागच्या अंगणात मी त्यात शिजवणार आणि माझे लोक जेवणार."

बाई हरखून गेल्या. त्यांना वाटलं, हा कलेचाच भाग. घरमालकांना कलेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी भावाला निरोप धाडला. महिन्याभरानं उत्तर आलं: भांडं आपल्या रीतीचं असेल तर येऊ. जेवायला बसू.

तो कागद त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. वाचता त्यांनाही येत होतं.

हंड्याला जवळजवळ दोन वर्षं लागली. माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा उंच, दोन माणसांना कवेत न मावणारा. बाहेरच्या अंगावर त्यांनी पोगरानं, म्हणजे ठोकायच्या बोथट छिन्नीनं, अक्षरं ठोकली. ग्रीक. हंगेरियन. मेक्सिकन. बल्गेरियन. दारात उभं राहून आयुष्यभर जे जे सांगितलं ते सगळं, आणि लोकांनी जे जे म्हटलं तेही: चोर. भटके. एका ओळीत नुसतं 'पत्ता नाही'. आतली बाजू मात्र कोरी, गुळगुळीत. मी विचारलं, आत काहीच नाही का लिहायचं? ते म्हणाले, "बाहेरची बाजू परक्यांसाठी. आतली आपल्यांसाठी. तिथं लिहायची गरज नाही."

प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. हंड्याला आतून कल्हई तेवढी व्हायची होती, आणि त्याआधी आतली काजळी घासून तांबं लख्ख करायला हवं होतं. घरमालकांचा उजवा खांदा त्या आठवड्यात धरला होता. तळापर्यंत हात पोचत नव्हता. दोन दिवस ते वाकून वाकून प्रयत्न करत होते आणि कण्हत होते. तिसऱ्या दिवशी ते भावाला भेटायला शहरात गेले. माझी परीक्षा संपली होती. म्हटलं, हीच वेळ आहे.

आमच्याकडे मोठं भांडं हातानं घासत नाहीत. त्यात ओली वाळू टाकतात, वर गोणपाटाचा तुकडा, आणि अनवाणी आत उभं राहून कमरेतून गरगर वळत पायांनी घासतात. वडील भाता मारायचे आणि मी लग्नाघरच्या पातेल्यांत उभा राहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरायचो. त्या कामात मी गावात पहिला होतो. घरातले टब मला माहीत होते, पेला फुटल्याचा आवाजही मी विसरलो नव्हतो. पण तो हंडा माझ्या लेखी अजून भांडं नव्हताच. बिनकल्हईचं तांबं, हातातलं काम. पाय साबणानं दोनदा धुतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आढ्याच्या साखळीला धरलं आणि आत उतरलो.

तासाभरात आतून गुलाबी उजेड पडावा तसं तांबं निघालं. मी घामानं निथळत होतो आणि फार खूश होतो. तेवढ्यात गॅरेजचं दार वर गेलं.

ते हसतच आत आले होते. भावाकडे काम झालं असावं. मग त्यांनी मला पाहिलं, आणि ते हसू जिथल्या तिथे राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

त्यांनी हळू आवाजात विचारलं, "दोन्ही पाय?"

"हो काका. पण धुऊन. साबणानं."

"दोन्ही पाय," ते पुन्हा म्हणाले आणि पालथ्या बादलीवर बसले.

मी घाईघाईनं बाहेर आलो. वडिलांची पद्धत समजावू लागलो. त्यांनी मान हलवली. "माहीत आहे मला. माझा आजाही असंच करायचा. मीही केलंय, बेकरीवाल्यांच्या भांड्यांत. गाजोंच्या भांड्यांत." त्यांनी हंड्याकडे बोट केलं. "हे माझ्या माणसांचं जेवण होतं."

मी धातुशास्त्राचा विद्यार्थी, मला दुसरं काय सुचणार? म्हणालो, तेजाबानं धुऊ. लाल होईपर्यंत तापवू. त्या आचेत काही म्हणून शिल्लक राहत नाही.

"तांब्याला काही झालेलं नाही, इंजिनियर."

आणि मग मी ते बोललो, ज्याची आजही मला लाज वाटते. "काका, आपल्या दोघांशिवाय कुणी पाहिलं नाही. मी कुणाला सांगणार नाही. उद्या कल्हई झाली की कळणारसुद्धा नाही."

त्यांनी असं पाहिलं माझ्याकडे, की हंड्यात मला पाहिलं तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. "माझ्या भावाच्या नातवंडांना मी यात जेवू घालू?" ते म्हणाले. "तू हे मला सांगतोस?"

ते उठले. हंडा आडवा केला. छिन्नी लावली आणि दुखऱ्या खांद्यानं घण उचलला. पहिल्या घावाला मी ओरडलो. पाच घावांत तळाला मूठ जाईल एवढं भोक पडलं. "आता चुकूनही कुणी यात शिजवणार नाही," एवढंच म्हणाले आणि घरात गेले. दोन वर्षांचं काम! मी तिथंच वाळूत अनवाणी उभा राहिलो. रागावले असते, घराबाहेर काढलं असतं, तर मला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी दालनाच्या बाई ट्रक घेऊन आल्या. भोक पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग भोवती एक चक्कर मारली, आणखी एक मारली, आणि डोळे चमकले. "हे तर आणखीच प्रभावी झालंय!"

"बाई," घरमालक म्हणाले, "ते फुटकं भांडं आहे."

"एक्झॅक्टली!" बाई म्हणाल्या.

भावाला निरोप पाठवा, येऊ नका म्हणून कळवा, असं मी दोनदा सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. "येतो म्हणालाय तर येऊ दे. तोंडावर सांगेन."

प्रदर्शनाच्या दिवशी डॉक्टरकाका आणि काकूही आले होते. मीच फार आधी बोलावणं केलं होतं. काकू हंड्यावरची अक्षरं वाचत होत्या आणि मला कोपरानं ढोसत होत्या, "अरे, म्हणजे तुझा लँडलॉर्ड ग्रीक नाहीच? ओ माय गॉड. आणि इतकी वर्षं आम्ही त्याला ग्रीक ईस्टर विश करतोय!"

तेवढ्यात दारातून दहाबारा माणसं आली. पुढे काळी हॅट घातलेले, पांढऱ्या मिशांचे थोरले भाऊ. मागे त्यांची बायको, मुलगे, लांब घोळदार झग्यातल्या सुना, मुलं. भावांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते सरळ हंड्यापाशी गेले, हॅट मागे सारून आत वाकले, आणि तसेच राहिले. तळातून पलीकडची फरशी दिसत होती.

सरळ होऊन त्यांनी आपल्या भाषेत एक प्रश्न विचारला. घरमालकांनी एका शब्दात उत्तर दिलं. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण उत्तर मला कळलं, कारण त्या सगळ्या माणसांच्या नजरा एकदम घरमालकांच्या बुटांवर गेल्या. त्यांनी ते स्वतःवर घेतलं होतं.

काकू विचारत होत्या, "काय झालं रे? हे सगळे असे काय बघतायत?" मी दोन पावलं पुढे झालो आणि इंग्रजीत म्हणालो, "ते नव्हते. मी होतो. माझे पाय. माझे वडील कल्हईवाले आहेत, दारोदार फिरून भांड्यांना कल्हई करतात. मी त्यांच्याकडून शिकलो. आमच्याकडे असंच घासतात."

माझ्यामागे काकूंचा आवाज आला, "कल्हईवाले?"

थोरल्या भावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "आम्हाला ठाऊक आहे तो नव्हता. त्याचे गुडघे बघ. तो हंड्यात चढेल?" मागच्या सुनांतली एक फस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. भाऊ पुढे म्हणाले, "तू आत होतास ते कुणी पाहिलं?"

"त्यांनी. फक्त त्यांनी."

"आणि भोक कुणी पाडलं?"

"त्यांनीच. तेव्हाच्या तेव्हा."

"कुणी सांगितलं होतं पाडायला?"

"कुणीच नाही. मी तर म्हणालो होतो, कुणाला कळणार नाही."

भावांनी हॅट काढली. हंड्यात हात घालून त्या भोकाच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. मग धाकट्या भावाशी ते हळूहळू, पुष्कळ वेळ बोलले. यातलं मला अक्षर कळलं नाही. घरमालक मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांची हनुवटी लहान मुलासारखी हलत होती. मग सगळे त्यांना मधे घेऊन बाहेर पडले. दालनाच्या बाई मागे धावल्या, भाषणं व्हायची होती. घरमालकांनी वळूनही पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही.

परतताना गाडीत डॉक्टरकाका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आमच्या दारात यायचा रे एक. आई त्याच्याशी घासाघीस करायची. इतकी वर्षं येत होता. त्याचं नावसुद्धा कधी विचारलं नाही आम्ही." काकू नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्या घराशी गाडी थांबल्यावर म्हणाल्या, "वडिलांना फोन करतोस ना अधूनमधून? करत जा."

घरमालक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट. मी चहा ठेवायला उठलो, तर म्हणाले, "थांब. स्वयंपाकघरात जाऊ नकोस." आणि मग, "शनिवारपर्यंत खोली रिकामी करायची आहे तुला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माझ्यामुळे का, काका?"

"तुझ्यामुळेच. भाऊ म्हणाला, ज्यानं एकटा असताना हंडा फोडला तो परका झालेला नाही. रविवारी सगळे जेवायला येणार आहेत. इथं. माझ्या घरी. बायका येऊन आधी सगळं घर धुणार. आता या घरात गाजो राहू शकत नाही." एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. आनंद लपत नव्हता आणि माझ्याकडे बघवतही नव्हतं.

त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते आठवलं, त्यांना काय मिळालं ते दिसत होतं, तरी खोलीत जाऊन मी पलंगाखालची ट्रंक गरजेपेक्षा जोरात ओढली. शनिवारी माझी ट्रंक आणि पुस्तकं डॉक्टरकाकांच्या बेसमेंटमध्ये गेली. काकूंनी आपणहून जागा दिली.

पुस्तकांचं एक खोकं राहिलं होतं. रविवारी दुपारी ते न्यायला गेलो. कुणीतरी ते आधीच फाटकाबाहेर, पायवाटेवर आणून ठेवलं होतं. कुंपणापलीकडे अंगणात लांबलचक टेबल मांडलेलं होतं, पांढरी चादर, पंचवीसतीस माणसं, आरडाओरडा, मुलांची रडारड. घरमालक भावाच्या उजव्या हाताला बसले होते. मी खोकं उचललं. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं.

ते उठले. एका सुनेला काहीतरी म्हणाले. तिनं त्यांच्या हातात कागदी ताटली दिली. ती त्यांनी काठोकाठ भरली, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात आणि खिमा, भाजलेल्या मिरच्या, पाव, आणि कुंपणापाशी आले. "घरातलं ताट तुला देता येत नाही," ते म्हणाले. "इथंच खा. झालं की ताटली टाकून दे."

आमच्या गावात वडिलांना चहा वेगळ्या कपात मिळायचा. तो कप दाराबाहेरच्या कोनाड्यात असायचा आणि वडीलच तो विसळून परत ठेवायचे. ते बघून लहानपणी माझ्या अंगाची आग व्हायची. त्या दिवशी, तीच ती गोष्ट समोर आली असताना, राग का आला नाही हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी खोकं खाली ठेवलं आणि रस्त्यावर उभ्याउभ्या जेवू लागलो. फार तिखट होतं आणि फार चांगलं होतं.

टेबलावरून त्यांना हाका येत होत्या. भावांनी पेला वर धरला होता, सगळे त्यांच्यासाठी थांबले होते. इतक्या वर्षांनी मांडलेलं त्यांचं ताट तिकडे निवत होतं. त्यांनी मागे वळून हातानंच "आलो" म्हटलं आणि माझा शेवटचा घास संपेपर्यंत कुंपणाला धरून माझ्यासमोर उभे राहिले.